नव्या इंजिनाची जुळणी व तेलाची निवड

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचे घरीं आतां मोटार किंवा ट्रॅक्टर आलेला आहे. नवें वाहन दारीं आलें कीं त्याची पूजा होते, पेढे वांटले जातात. परंतु पहिल्या महिन्यांत तें कसें चालवावें याविषयीं दोन परस्परविरुद्ध मतें ऐकूं येतात. कोणी म्हणतो, इंजिन अगदीं जपून, हळू चालवावें; कोणी म्हणतो, पहिल्याच दिवशीं दाबून चालवावें म्हणजे तें मोकळें होतें. इंजिनाची किंमत मोठी, व पैसा बहुधा कर्जाऊ. तेव्हां यांत खरें काय, हें पाहणें अगत्याचें आहे.

इंजिनाचा सिलिंडर आंतून आरशासारखा गुळगुळीत असतो, ही समजूत बरोबर नाहीं. कारखान्यांत त्याच्या आंतील अंगावर एकमेकींस छेदणाऱ्या सूक्ष्म तिरप्या रेषा मुद्दाम पाडलेल्या असतात. जात्यास टाकी लावावी, तसाच हा प्रकार होय. या रेषांच्या खांचांत तेल टिकून राहतें, व त्यांचे उंचवटे पिस्टनच्या रिंगांशीं घासून बसतात. असें झालें म्हणजे रिंग व सिलिंडर यांचा मेळ घट्ट जमतो.

आतां, या रिंगा केवळ आपल्या ताणानें सिलिंडरास चिकटत नाहींत; जळणाऱ्या वायूचा दाब त्यांच्या मागें शिरून त्यांस बाहेर रेटतो. म्हणून इंजिनावर कांहींच भार नसेल, किंवा तें तासन् तास उभ्या जागीं चालू ठेविलें, तर रिंगा नीट बसत नाहींत. सिलिंडरास तुकतुकी चढते व इंजिन पुढें तेल पिऊं लागतें. उलट, आरंभींच पूर्ण भार घातला तर घर्षणाची उष्णता वाढून धातूस ओरखडे पडतात. नव्या खोंडास कोणी नुसतें दावणीस बांधून ठेवीत नाहीं, व पहिल्याच दिवशीं नांगरासही जुंपीत नाहीं. इंजिनाचेंही तसेंच आहे.

मोटारीस हा काळ सामान्यतः पहिल्या १,००० ते १,५०० किलोमीटरांचा समजतात. त्या अवधींत वेग कमीजास्त करीत जावें; एकाच वेगानें लांबचा प्रवास करूं नये; पॅडल तळापर्यंत दाबूं नये; वरच्या गिअरमध्यें इंजिन रखडवूं नये; जड ओझें टाळावें. बहुतेक ट्रॅक्टरांस पहिले सुमारें ५० तास असे सांभाळावे लागतात. त्या वेळीं कुळवणी, पेरणी अशीं मध्यम कामें द्यावीं. खोल नांगरट व उसानें भरलेली ट्रॉली मागाहून. या काळांत झिजलेल्या धातूचे कण तेलांत उतरतात. नव्या जात्याचें पहिलें पीठ आपण खात नाहीं. त्याचप्रमाणें ट्रॅक्टरचें पहिलें तेल व फिल्टर पुस्तिकेंत सांगितलेल्या तासांवर अवश्य बदलावें. मोटारींत ही मुदत कंपनीगणिक निराळी असते. तीही पुस्तिकेंतच पहावी.

आतां तेलाविषयीं. तेल जितकें दाट तितकें चांगलें, हा समज टाकून द्यावा. डब्यावर '१५डब्ल्यू-४०' असा अंक असतो. त्यांतील पहिला अंक थंडींतील पातळपणा दाखवितो. तो जितका लहान, तितकें तेल थंड इंजिनांत लवकर वर पोंचतें. दुसरा अंक १०० अंश सेल्सिअस उष्णतेंतील दाटपणा दाखवितो. हल्लींच्या इंजिनांतील तेलाच्या वाटा अरुंद असल्यामुळें फाजील दाट तेल तेथें उशिरां पोंचतें.

दुसरी खूण अक्षरांची. अमेरिकेच्या पेट्रोलियम संस्थेच्या पद्धतींत 'एस'नें सुरू होणारा दर्जा पेट्रोल इंजिनाचा, व 'सी'नें सुरू होणारा डिझेलचा. डिझेल वर्गांत 'सीआय-४' हून 'सीके-४' हा दर्जा नवा आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ नियमांच्या ज्या डिझेल मोटारींत काजळी अडविणारा फिल्टर आहे, त्यांस कमी राख सोडणारेंच तेल लागतें. अन्यथा तो महाग फिल्टर राखेनें लवकर भरतो.

सिंथेटिक तेलानें नव्या इंजिनाच्या रिंगा बसत नाहींत, असेंही ऐकूं येतें. परंतु अमेरिकेंतील शेव्हरोले कॉर्व्हेट मोटार १९९२ सालापासून सिंथेटिक तेल भरूनच कारखान्याबाहेर पडूं लागली. तेव्हां पुस्तिकेंत तें सांगितलें असल्यास भय बाळगूं नये.

तेलाची पातळी सपाट जागीं, इंजिन बंद करून कांहीं मिनिटांनीं पहावी. ती पट्टीवरील दोन खुणांच्या मध्यें असावी. वरच्या खुणेपलीकडे भरल्यास तेल घुसळून फेंसाळतें व वंगण नीट होत नाहीं.

शेवटीं एक सूचना. इंजिनाची एक लहानशी वही ठेवून तींत तारीख, तास किंवा किलोमीटर, तेलाचा दर्जा व भर किती घातली, हें लिहावें, आणि पावत्या जपून ठेवाव्या. ज्याची दप्तरीं नोंद नाहीं तें वादाच्या वेळीं सिद्ध करणें कठीण, हें जमीनधारकांस सांगावयास नको. हमीच्या मुदतींत इंजिनानें दगा दिल्यास हीच वही शेतकऱ्याची साक्ष देईल.