तुटलेला बोल्ट

भाषा शिकवणाऱ्या माणसाने पाना हाती धरू नये, हे सौभाग्यवतींचे मत मी वीस वर्षे खोडून काढीत आलो आहे. घरचे नळ आणि शिवणयंत्र हे माझ्या बाजूचे साक्षीदार. पण गेल्या श्रावणात मी देवगडला मामेभावाकडे गेलो आणि खटला हरलो.

त्याची लहानशी होडी आहे. तिच्या मागच्या फळीला बाहेरून यंत्र अडकवलेले असते. ओल इव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने १९०९ साली अमेरिकेत मिलवॉकीला ज्या यंत्राचा धंदा सुरू केला, त्याच जातीचे हे. ते समुद्राचेच पाणी ओढून स्वतःला थंड ठेवते, आणि मागून पाण्याची धार पडते. ती धार यंदा सुतासारखी बारीक झाली होती. पंपाचे रबरी चक्र बदलायला हवे, आणि त्यासाठी यंत्राचा खालचा पाय उतरवायला हवा. काम सहा बोल्टांचे. "मी काढतो," असे मीच म्हणालो.

चार मुकाट्याने निघाले. पाचवा हलेना. पान्याला हातभर नळी अडकवून जोर केला, तेव्हा 'टक्' असा आवाज झाला आणि डोके हातात आले. इथे थांबणे शहाणपणाचे होते. मी सहावाही तसाच तोडला.

मामेभाऊ काही बोलला नाही. नारळी पौर्णिमा चार दिवसांवर आली होती आणि त्याचे घर त्या होडीवर चालते.

बंदरावरून म्हातारे मिस्त्री आले. त्यांनी तुटलेल्या तोंडाभोवतीचा पांढरा चुरा नखाने खरवडून दाखवला. बोल्ट स्टेनलेस पोलादाचा, भोवती ॲल्युमिनियम आणि मध्ये खारे पाणी. दोन भिन्न धातू आणि मीठ एकत्र आले की बारीकसा विद्युतघटच तयार होतो. त्यात ॲल्युमिनियम झिजते, आणि झिजेचा तो चुरा मूळ धातूपेक्षा जास्त जागा अडवून आट्यांत ठासून बसतो. हम्फ्री डेव्हीने १८२४ साली ब्रिटिश लढाऊ जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडून अशीच झीज त्या तुकड्यांवर वळवली होती. या यंत्रांनाही जस्ताचा तुकडा लावतात. आमचा केव्हाच संपला होता. स्क्रूला आपण मळसूत्र म्हणतो. मंगळसूत्राच्या इतके जवळ जाणारे हे नाव किती सार्थ आहे, ते मला त्या दिवशी पटले.

मी उत्साहाने बाजारातून आणलेला उलट्या आट्यांचा 'एक्स्ट्रॅक्टर' पुढे केला. मिस्त्रींनी तो बाजूला ठेवला. त्याचे पोलाद कडक पण ठिसूळ असते. तो आतच मोडला, तर साधे ड्रिल त्याला चरा पाडू शकत नाही. "मास्तरानू, आता हात लावू नकात," एवढेच ते म्हणाले.

पेट्रोलची टाकी त्यांनी आधी दूर नेली. एका बोल्टाचे बोटाच्या पेराएवढे टोक वर उरले होते. त्यावर नट बसवून त्यांनी तो आतून वेल्डिंगने जोडला. त्या उष्णतेनेच अर्धे काम झाले. तितक्याच तापाने ॲल्युमिनियम स्टेनलेसच्या जवळजवळ दीडपट प्रसरण पावते, त्यामुळे पकड सैल होते. मग थोडे पुढे, थोडे मागे, तेलाचा थेंब, पुन्हा पुढे. तासाभरात तो निघाला.

दुसरा भोकाच्या काठाशी सपाट तुटला होता. तिथे त्यांनी नेमक्या मध्यावर पंचने खूण केली. एवढ्या एका खुणेला त्यांनी पंधरा मिनिटे घेतली, कारण ड्रिल कडेला सरकले तर ते मऊ ॲल्युमिनियमच खाते. आधी ३ मिलिमीटरचे भोक, मग ५ मिलिमीटरचे डावे ड्रिल, म्हणजे उलटे फिरणारे. कापता कापता ते बोल्टाला सुटायच्या दिशेनेच ढकलीत होते. भोवतालचा भाग तापवला, आणि तिसऱ्या खेपेला तो तुकडा ड्रिलच्या टोकाला गुंडाळून वर आला. आटे शाबूत होते.

नवे चक्र बसले, नवा जस्ताचा तुकडा लागला. नव्या बोल्टांच्या आट्यांना मिस्त्रींनी ग्रीस चोपडले आणि दर वर्षी एकदा ते सोडवून पुन्हा लावायला बजावले. पिंपातल्या पाण्यात यंत्र सुरू केले, तेव्हा मागून करंगळीएवढी धार पडली. शेवटचे बोल्ट आवळताना मामेभावाने माझ्या हाती बॅटरी दिली होती. "दादा, तू उजेड धर," तो म्हणाला होता.