दगडी कुंड आणि आजीचं आडनाव

शुक्रवारी ऑफिस सुटलं की हिंजवडीतून निघायचं. पौड, मुळशी, ताम्हिणी घाट, माणगावला हायवे आणि उजाडल्यावर गोवा! पुण्याच्या आयटीवाल्यांना हा रूट तोंडपाठ असतो. पुढचा कार्यक्रमही ठरलेला. बागा, कलंगुट, फिश थाळी आणि परतीच्या दिवशी ‘अरे, काहीतरी कल्चरल पण बघू या’ म्हणत जुन्या गोव्यात अर्धा तास. त्या अर्ध्या तासात सगळे बॅसिलिकात सेंट झेवियरच्या शवपेटीसमोर गर्दी करतात. रस्त्यापलीकडच्या से कॅथेड्रलमध्ये एक दगडी कुंड आहे, त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मला विचाराल तर त्या अख्ख्या परिसरातली सगळ्यात सॉलिड गोष्ट तीच आहे.

हे बाप्तिस्म्याचं कुंड. आपल्या आजीच्या न्हाणीघरातल्या घंगाळाचा दगडी थोरला भाऊ म्हणा हवं तर. ख्रिस्ती माणसाच्या आयुष्याची सुरुवात यातल्या पाण्याने होते. कुंड १५३२ सालचं. आणि कॅथेड्रलचं बांधकाम सुरू झालं १५६२ मध्ये, ते चाललं १६१९ पर्यंत. म्हणजे भांडं घरापेक्षा तीस वर्षांनी मोठं! युरोपातल्या खेड्यापाड्यांतही अशी मध्ययुगीन कुंडं आहेत. चर्च पाडून नवं बांधलं तरी कुंड तेच ठेवलेलं. ज्यात बापजाद्यांना नाव मिळालं ते भांडं टाकवत नसणार. त्या पाण्याची लोकांना इतकी ओढ, की जादूटोण्यासाठी ते चोरीला जाऊ नये म्हणून १२३६ मध्ये इंग्लंडात कुंडाला झाकण आणि कुलूप लावायचा हुकूम निघाला होता.

सेंट झेवियर गोव्यात आला १५४२ मध्ये. त्याने याच कुंडातल्या पाण्याने हजारोंना बाप्तिस्मा दिला, असं परंपरा सांगते. डोक्यावर पाणी पडलं की नाव बदलायचं आणि पुष्कळदा आडनावही. ते बहुधा बाप्तिस्म्याला उभ्या राहिलेल्या पोर्तुगीज धर्मपित्याचं, म्हणजे गॉडफादरचं. (गॉडफादर म्हटलं की आपल्याला आठवतो मार्लन ब्रँडो. पण त्या सिनेमाचा क्लायमॅक्सही बाप्तिस्म्याचाच आहे, पुन्हा बघा.) गोव्यातले सगळे डिसोझा, फर्नांडिस, परेरा काही जहाजातून उतरलेले नाहीत.

आता अवघड भाग. सगळे जण काही राजीखुशीने त्या पाण्याखाली वाकले नव्हते. १५४० मध्ये तिसवाडीतली देवळं पाडली गेली, १५६० मध्ये इन्क्विझिशन आलं आणि मधला काही काळ सोडला तर १८१२ पर्यंत राहिलं. ज्यांना वाकायचं नव्हतं त्यांनी देव उचलले आणि नदी ओलांडली. कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा, मंगेश १५६० मध्ये असाच पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर प्रियोळला गेला. तेच आपलं मंगेशी. पुण्या-मुंबईतल्या कितीतरी घरांचं कुलदैवत.

गंमत बघा, टूरवाल्यांची बस एकाच दिवशी जुनं गोवंही दाखवते आणि मंगेशीही. पण ही दोन ठिकाणं एकाच गोष्टीचे दोन तुकडे आहेत, हे माझ्या बसमधल्या गाइडने काही सांगितलं नाही. त्याचं सगळं लक्ष पुढच्या काजूच्या दुकानाकडे!

मला ते सांगितलं हिंजवडीत काम करणाऱ्या एका मैत्रिणीने. ती कुठ्ठाळीची. आडनाव पोर्तुगीज, पण त्याआधीचं हिंदू आडनाव तिच्या आजीला पाठ होतं आणि आजीने ते तिच्याकडून घोकून घेतलं होतं. तिच्या भाच्याच्या बाप्तिस्म्याला मी गेले होते. गावचं छोटं चर्च, कोपऱ्यात लहानसं कुंड. फादरनी तीनदा पाणी घातलं, पोरगं टाहो फोडून रडलं आणि सगळे हसले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी से कॅथेड्रलमध्ये गेलो. कुंडासमोर मी तिला सरळच विचारलं, ‘राग येतो का गं?’ ती म्हणाली, ‘कुणाचा? पाणी घालणारे माझे कुणी नव्हते, पण पाण्याखाली वाकलेले माझेच. आणि मी चर्चला जाते ती मनापासून.’ मला तिचं उत्तर पटलं. दोन्हीकडून घोषणा देणाऱ्यांपेक्षा तर नक्कीच जास्त पटलं.

तुटताना माणसं सगळंच टाकून देत नाहीत. १६१६ मध्ये फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं ते मराठीत, अकरा हजारांच्या आसपास ओव्यांत. धर्म नवा, पण कानाला सवय पुराणाचीच होती ना!

तर पुढच्या ट्रिपला एक बीच कमी करा. कॅथेड्रल सकाळी बघा आणि तिथून थेट मंगेशी गाठा, जेमतेम अर्ध्या तासाचा रस्ता. आम्हीही गेलो. देवळाबाहेर फुलं विकणाऱ्या मावशीने मैत्रिणीला विचारलं, ‘तूं खंयची गो?’

‘कुठ्ठाळी.’

‘म्हणजे देवाच्याच गावची,’ मावशी म्हणाली आणि पुडीत दोन अबोलीचे गजरे जास्तीचे टाकले.