गिऱ्हाइकाची शंका

आमच्या वर्गात बसणाऱ्या मुलामुलींपैकी पुष्कळांच्या घरी काही ना काही उद्यम चालतो. कोणाचे वडील रविवार पेठेत किराणा मालाचे दुकान चालवितात, कोणाच्या घरी वडगावात माग आहेत, कोणाची आई पापड, सांडगे आणि लोणची करून विकते, तर कोणाचे काका खानापूरकडून मातीची भांडी आणून बाजारात मांडतात. या मुलांशी बोलताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. माल तयार कसा होतो हे त्यांना उत्तम सांगता येते. मागाच्या घरातला मुलगा ताण्याबाण्याविषयी बोलू लागला की तास संपल्याचे भान राहत नाही. परंतु तो माल विकत घेणारा माणूस कोण, घेताना तो कशापाशी घुटमळतो, असे विचारले की हीच मुले गप्प होतात. 'ते व्यापारी बघतात', एवढेच उत्तर मिळते. ज्याच्या वतीने दुसराच कोणी बोलतो, त्याच्या मालाचा भावही बहुधा तो दुसराच ठरवितो. अनेक कष्टाळू घरांच्या ओढग्रस्तीचे हे एक कारण आहे, आणि म्हणूनच आपला माल आपण चार लोकांना कसा समजावून सांगावा, या विषयावर यंदा लिहावयाचे आम्ही ठरविले.

जाहिरात म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर भडक रंग आणि मोठी अक्षरे उभी राहतात. 'सर्वोत्कृष्ट', 'अद्वितीय', 'एकमेव' ही विशेषणे तर गल्लीतल्या प्रत्येक दुकानावर आढळतात. एकाच गल्लीत तीन 'एकमेव' दुकाने असण्याचा चमत्कार आम्ही पाहिलेला आहे. अशा शब्दांनी गिऱ्हाइकाचे काहीच काम होत नाही. दुकानाच्या पायरीशी तो थबकलेला असतो तो एखाद्या शंकेमुळे. ती शंका ओळखणे आणि तिला खरे उत्तर देणे, हे आमच्या मते जाहिरातीचे पहिले आणि बरेचसे शेवटचेही काम आहे.

याचे एक नामांकित उदाहरण आमच्या बेळगावातच घडले. आज ज्या रस्त्याला आपण किर्लोस्कर रोड म्हणतो, त्या नावामागे लक्ष्मणराव किर्लोस्करांचा उद्योग आहे. लक्ष्मणरावांचा जन्म 1869 साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. त्यांना प्रथम ओढ होती चित्रकलेची; परंतु काही रंग नीट ओळखता येत नसल्यामुळे ती वाट त्यांना सोडावी लागली, आणि ते मुंबईला यंत्रकलेकडे वळले. 1888 साली त्यांनी व त्यांचे बंधू रामचंद्रराव यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. त्या काळी सायकल ही गावात नवलाची वस्तू होती. ती पाहावयास गर्दी जमे, पण विकत घेणाऱ्याच्या मनात साहजिकच पहिला प्रश्न येई : 'हिच्यावर बसायचे कसे? पडलो तर?' या दुकानात सायकल विकण्याबरोबर ती चालविण्यास शिकविण्याचीही सोय होती. तिच्या गुणांचे कितीही वर्णन केले असते तरी पडण्याची भीती गेली नसती. ती गेली शिकविण्याने. विक्रीची ही पहिली पायरी आजच्या मोठमोठ्या कंपन्याही पुष्कळदा विसरतात.

खरी कसोटी पुढे लागली. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणरावांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र व नंतर लोखंडी नांगर तयार केला. नांगर उत्तम होता. लाकडी नांगर जमीन केवळ चिरत जातो. लोखंडी नांगर मातीचा थर उचलून पालथा घालतो, त्यामुळे हरळी आणि कुंदा यांसारख्या चिवट गवतांची मुळे उन्हात उघडी पडून वाळतात. (बेळगावकरांनी गैरसमज करून घेऊ नये, शेतातला हा कुंदा गोड नसतो.) एवढा गुणकारी नांगर, पण पहिला खपावयास जवळजवळ दोन वर्षे लागली असे सांगतात. लोखंडाने जमिनीत विष पसरते अशी समजूत शेतकऱ्यांत पसरली होती.

येथे थोडे थांबून विचार करण्यासारखे आहे. लाकडी नांगराचा फाळ तरी कशाचा असे? लोखंडाचाच. म्हणजे लोखंड पिढ्यान् पिढ्या त्याच मातीत फिरत आलेले होते. तेव्हा शेतकरी अडाणी होता असे म्हणून हसणे सोपे आहे; पण तसे हसणारा मनुष्य नांगर कधीच विकू शकणार नाही. आम्हांस वाटते की 'विष' हा शब्द तोंडी असला तरी पोटातली भीती वेगळी होती. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर तो दुरुस्त करून देई. ही नवी वस्तू मोडली तर कोणाकडे जावयाचे? तो खोल चालतो, म्हणजे बैलही अधिक लागणार. ते कोठून आणावयाचे? एका हंगामाची नांगरट फसली तर वर्षाचे अन्न जाते. ज्याचे इतके पणाला लागलेले आहे त्याने सावध असावे यात मूर्खपणा नाही, शहाणपणच आहे. बोललेल्या शंकेमागे न बोललेली शंका असते. ती हेरण्यासाठी कान उघडे ठेवावे लागतात आणि तोंड काही वेळ बंद. अशा शंकेला वादविवादाने जिंकता येत नाही. शेजारच्या रानात नांगर चालताना दिसला, त्या रानात पीक उभे राहिलेले दिसले, म्हणजे ती आपोआप विरते. जो पहिला शेतकरी समाधान पावतो तोच पुढच्या दहांना पटवितो. म्हणून पहिल्या गिऱ्हाइकाची काळजी घेण्यात खर्चिलेला पैसा जाहिरातीच्याच खाती मांडावा.

बेळगावातील जागा सोडावी लागल्यावर 1910 साली औंध संस्थानात, संस्थानाधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयाने, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. तेथून 1920 साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजेच मराठी वाचकांचे 'शंवाकि', यांनी 'किर्लोस्कर खबर' नावाचे पत्र सुरू केले. कारखान्याची माहिती लोकांपर्यंत पोहोचावी हा त्यामागील आरंभीचा उद्देश. परंतु नुसती नांगरांची स्तुती महिन्यामागून महिना कोण वाचील? त्या पत्रात हळूहळू उद्योग, शेती, घर, समाजसुधारणा अशा विषयांचा शिरकाव झाला, नावातील 'खबर' गळून केवळ 'किर्लोस्कर' उरले, आणि मराठीतील एक मान्यवर मासिक तयार झाले. त्याच्या पाठोपाठ 1930 साली 'स्त्री' आणि 1934 साली 'मनोहर' ही मासिके निघाली. वाचकाला आधी काहीतरी उपयोगाचे द्यावे, मग त्याने आपले ऐकावे अशी अपेक्षा धरावी, हा क्रम त्यातून शिकण्यासारखा आहे.

आता मोठ्या कारखान्यावरून आपल्या घरच्या धंद्याकडे वळू. शहापूर-वडगावच्या एखाद्या विणकर घराची साडी घेऊ. 'सुंदर व आकर्षक साड्या' असे लिहिले तर ते कोणीही लिहील. साडी हातात घेणाऱ्या बाईच्या मनात काय असते? रंग जाईल का? नऊ वार म्हणतात ती खरोखरच नऊ वार भरेल का? धुतल्यावर आटेल का? तेव्हा चिठ्ठीवर असे लिहावे : 'लांबी नऊ वार, दुकानात मोजून घ्यावी. पहिली धुलाई थंड पाण्यात, वेगळी करावी. एका महिन्याच्या आत रंग गेल्यास साडी परत घेऊ.' या चिठ्ठीत एकही विशेषण नाही, तरी ती वाचून मन निर्धास्त होते. मात्र असे लिहिण्यापूर्वी घरात एक बैठक झाली पाहिजे. रंग गेल्यास साडी परत घेण्याचे वचन द्यावयाचे तर आधी रंग पक्का केला पाहिजे; म्हणजे चिठ्ठीवरचा शब्द मागे जात जात सुताच्या रंगाच्या भांड्यापर्यंत पोहोचतो. ज्या वचनामुळे कारखान्यात काहीच बदलावे लागत नाही, त्या वचनाला गिऱ्हाईक फारशी किंमत देत नाही.

मिठाईच्या दुकानातली शंका निराळी असते. परगावचा प्रवासी बेळगावचा कुंदा (हा मात्र गोड!) घेताना विचारतो, 'किती दिवस टिकेल?' बहुतेक दुकानदार 'पुष्कळ दिवस' म्हणतात. त्याऐवजी डब्यावर तयार केल्याची तारीख, अमुक तारखेपर्यंत खावा, थंड जागी ठेवावा, असे छापले तर तो प्रश्न विचारावाच लागत नाही आणि प्रवासी एकाऐवजी दोन डबे नेतो. यांतील बरीचशी माहिती देणे आज कायद्यानेच आवश्यक आहे. बंद वेष्टनातील मालावर उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह किरकोळ किंमत, तयार केल्याचा महिना व वर्ष, आणि तक्रार कोठे करावी ते छापावे लागते. खाद्यपदार्थ असल्यास परवान्याचा किंवा नोंदणीचा चौदा आकडी क्रमांकही. घरी रिकामी झालेली एखादी पिशवी मुलांनी एकदा लक्षपूर्वक वाचून पाहावी. पुष्कळ लोक हा मजकूर कोपऱ्यात बारीक अक्षरांत दडवितात. आमच्या मते तो ठळक छापावा, कारण पिशवीवरील सर्व मजकुरात पडताळून पाहता येण्याजोगा भाग तेवढाच असतो.

अतिशयोक्तीचा मोह औषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या बाबतीत फार होतो. जांभळाच्या बियांच्या चूर्णावर 'मधुमेह समूळ नष्ट' असे लिहिलेले आपण पाहतो. मधुमेह, कर्करोग यांसारख्या रोगांवर उपाय म्हणून जाहिरात करण्यास 1954 च्या कायद्याने मनाई आहे. शिवाय 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाखांपर्यंत, आणि पुन्हा तसे केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. दंडाची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवली तरी, त्या चूर्णावर विश्वासून एखाद्याने वैद्याचे औषध थांबविले तर काय होईल, याचा विचार विकणाऱ्याच्या मनात आला पाहिजे.

भाषेविषयी दोन शब्द. आमच्या घरी कोकणी, शाळेत मराठी आणि बाजारात कानडी, हा आमचा रोजचा प्रवास; बेळगावात अशी घरे पुष्कळ आहेत. दुकानावरील फलकाच्या भाषेचा प्रश्न आमच्याकडे केवळ व्यापाराचा नाही, त्यासंबंधी नियमही आहेत, आणि त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. परंतु दुकानात आलेल्या माणसाशी बोलण्यास कोणाची आडकाठी नसते. मराठी गिऱ्हाइकास 'काय हवे?', खेड्यातून आलेल्या कानडी शेतकऱ्यास 'एनु बेकु?', चोर्ला घाट चढून आलेल्या गोव्याच्या माणसास 'कितें जाय?' असे विचारणारा दुकानदार न बोलताच सांगतो की, 'तुम्ही येथे परके नाही.' वापराच्या सूचनांची चिठ्ठी तीन भाषांत छापण्यास फारसा जादा खर्च येत नाही. मात्र त्या त्या भाषेच्या माणसाकडून ती तपासून घ्यावी. चुकीच्या भाषेतील आदरातिथ्य हास्यास्पद होते.

आता हातोहाती मोबाइल आल्यामुळे, पूर्वी ज्यासाठी छापखाना लागत असे ते काम फुकटात होते. फुकट असल्यामुळेच त्याचा अतिरेक होतो. व्हॉट्सॲपवर रोज सकाळी फुलांचे चित्र व 'शुभ प्रभात' पाठविणाऱ्या दुकानदाराचा निरोप चौथ्या दिवशी कोणी उघडून पाहत नाही, आणि मग दिवाळीच्या फराळाची खरी सूचनाही त्या फुलांखाली गाडली जाते. ज्याने संमती दिली त्यालाच निरोप पाठवावा. त्याला उपयोग असेल तेव्हाच पाठवावा. काय, केव्हा, कितीला, कोठे या चारही गोष्टी एकाच निरोपात याव्यात. किमतीसाठी पुन्हा विचारावयास लावू नये. नकाशावर आपल्या दुकानाची जागा आणि उघडण्याच्या वेळा अचूक नोंदवाव्यात आणि सुट्टी असेल तर तेही कळवावे. बंद दारापुढून परत गेलेला मनुष्य सहसा दुसऱ्यांदा येत नाही.

मुलांना या कामी घरच्यांची मोठी मदत करता येईल. गल्ल्याशेजारी एक वही ठेवावी आणि गिऱ्हाईक जे जे विचारील ते त्याच्याच शब्दांत लिहून काढावे. महिनाभराने वही उघडली म्हणजे तेच ते पाचसहा प्रश्न पुनःपुन्हा आलेले दिसतील. त्यांची उत्तरे हीच आपल्या फलकाची, चिठ्ठीची आणि निरोपाची सामग्री. काही प्रश्नांना आपल्यापाशी चांगले उत्तर नाही असेही आढळेल. तेथे शब्द शोधत बसू नये, माल सुधारावा.

त्याच वहीच्या मागच्या पानांवर तक्रारी लिहाव्यात. लोणचे खारट झाले, साडीचा काठ उसवला, भांडे गळू लागले, असे सांगावयास जो परत आला त्याने आपल्यासाठी एक हेलपाटा घातलेला असतो. न सांगता दुसऱ्या दुकानी गेलेले किती, ते आपल्याला कळतही नाही. त्याला त्याच दिवशी उत्तर द्यावे, दोष आपला असेल तर माल बदलून द्यावा, आणि पुढची खेप तयार झाली की काय दुरुस्त केले ते दोन ओळींत त्याला कळवावे.