डर्टी काउ दोष

डर्टी काउ दोष : लिनक्स या संगणक परिचालन प्रणालीच्या गाभ्यातील स्मृतिव्यवस्थापनाचा एक दोष. त्यामुळे केवळ वाचनाची परवानगी असलेल्या फाइलीतही सामान्य वापरकर्त्यास लेखन करता येत असे. २००७ मधील २.६.२२ या आवृत्तीपासून सुमारे नऊ वर्षे तो प्रचारातील गाभ्यांत होता व ऑक्टोबर २०१६ मध्ये तो दुरुस्त करण्यात आला. मात्र त्याच्या दुरुस्तीचा पहिला प्रयत्न २००५ मध्येच झाला होता आणि त्या मालिकेतील शेवटची महत्त्वाची दुरुस्ती २०२२ मधील आहे. दोष किती मोठा होता यापेक्षा तो बुजविण्यास इतका काळ का लागला, हा प्रश्न अधिक बोधप्रद आहे.

पार्श्वभूमी : परिचालन प्रणालीचा जो भाग यंत्राची सर्व साधने थेट हाताळतो, त्याला गाभा म्हणतात. संगणकात एकाच वेळी अनेक आज्ञावल्या चालू असतात. प्रत्येकीला सर्व स्मृती जणू आपलीच आहे असे भासावे आणि एकीने दुसरीच्या स्मृतीत ढवळाढवळ करू नये, ही व्यवस्था गाभा पाहतो. त्यासाठी स्मृतीचे ठराविक आकाराचे, बहुधा ४,०९६ बाइटांचे, तुकडे पाडतात. त्यांना पृष्ठे म्हणतात. आज्ञावली वापरते तो पत्ता आभासी असतो. तो प्रत्यक्ष स्मृतीतील कोणत्या पृष्ठास लागू पडतो आणि त्या पृष्ठावर लेखनास मुभा आहे की नाही, याची नोंद पृष्ठसारणीत ठेवलेली असते. मँचेस्टर विद्यापीठातील ॲटलस संगणकात (१९६२) ही कल्पना प्रथम प्रत्यक्षात आली.

एकच फाइल अनेक आज्ञावल्या वाचत असतील, तर प्रत्येकीसाठी तिची स्वतंत्र प्रत स्मृतीत ठेवणे उधळेपणाचे होते. म्हणून गाभा एकच सामाईक प्रत सर्वांना दाखवितो आणि जिला स्वतःपुरता बदल करावयाचा असेल, त्या आज्ञावलीला प्रत्यक्ष लेखनाच्या प्रसंगी तेवढ्याच पृष्ठाची खाजगी प्रत काढून देतो. कचेरीतील मूळ दस्त सर्वांनी पाहावा, पण ज्याला त्यावर टिपणे करावयाची असतील त्याने नक्कल घ्यावी, असाच हा प्रकार होय. या पद्धतीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडली असता ‘काउ’ म्हणजे गाय असा शब्द होतो आणि ज्या पृष्ठावर लेखन झाले आहे त्याला या क्षेत्रात ‘डर्टी’ म्हणजे मळके म्हणण्याचा प्रघात आहे; दोषाचे नाव त्यावरून पडले. दोषांना नावे व बोधचिन्हे देण्याच्या त्या काळातील हौसेचा हा एक नमुना आहे.

दोषाचे स्वरूप : आज्ञावलीने नेहमीच्या मार्गाने लेखन केले, तर प्रत काढण्याचे काम बिनचूक होते. अडचण आडवाटेने होणाऱ्या लेखनात होती. आज्ञावलीतील चुका शोधणाऱ्या साधनाला तपासाधीन आज्ञावलीच्या केवळ वाचनीय भागातही थांब्याच्या खुणा घालाव्या लागतात. त्यासाठी गाभ्यात सक्तीच्या लेखनाची सोय ठेवलेली आहे. लिनक्समध्ये चालू आज्ञावलीला स्वतःची स्मृती फाइलीप्रमाणे उघडून हीच सोय वापरता येत असे.

अशा लेखनाची मागणी आली की गाभा पृष्ठसारणी पाहतो, मुभा नसल्याचे आढळल्यावर खाजगी प्रत काढतो आणि पुन्हा सारणी पाहतो. परंतु मूळ क्षेत्रच केवळ वाचनीय असल्याने खाजगी प्रतीसमोरही ‘लेखनास मुभा’ अशी नोंद करता येत नाही. तेव्हा मुभेचीच अट धरून बसल्यास फेरा कधीच संपणार नाही. या पेचातून सुटण्यासाठी एक युक्ती योजलेली होती. प्रत काढून झाली की मागणीतील लेखनाची खूणच पुसून टाकावयाची आणि पुढील फेरीत ती वाचनाचीच मागणी आहे असे समजून मिळेल ते पृष्ठ घ्यावयाचे. नुकतीच प्रत काढली आहे, तेव्हा मिळणारे पृष्ठ खाजगीच असणार, हे या युक्तीमागील गृहीत होते.

दोन फेऱ्यांमधील अत्यल्प अवधीत हे गृहीत खोटे ठरू शकते. त्याच आज्ञावलीतील समांतर चालणारा दुसरा आज्ञाप्रवाह, म्हणजे दुसरा धागा, ‘या पृष्ठाची आता गरज नाही’ असे गाभ्यास कळवू शकतो. ही सूचना पूर्णपणे वैध आहे. ती मिळताच गाभा खाजगी प्रत टाकून देतो. पुढील फेरीत पृष्ठ जागेवर नसते आणि मागणी आता वाचनाची दिसते. त्यामुळे नवी प्रत न काढता फाइलीचे सामाईक मूळ पृष्ठच जोडले जाते व गाभा स्वतःच्या हाताने त्यावर लेखन करतो. अशी वेळ एकाच प्रयत्नात साधणे कठीण असले, तरी दोन धाग्यांनी हाच खेळ सतत चालू ठेवला की ती साधते. प्रशासकाच्या अधिकाराने चालणारी एखादी आज्ञावली अशा रीतीने बदलली, की सामान्य वापरकर्ता यंत्राचा धनी होतो.

दुरुस्त्या : लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्डस यांना ही फट २००५ मध्येच दिसली होती. लेखनाची मागणी अखेरपर्यंत लेखनाचीच राहावी आणि पृष्ठसारणीतील नोंदीत ‘मळका’ हा बिट असेल तरच पृष्ठ स्वीकारावे, असा उपाय त्यांनी त्या वर्षी ऑगस्टमध्ये केला. परंतु आयबीएम कंपनीच्या एस/३९० या मोठ्या संगणकांत हा बिट पृष्ठसारणीत नसून प्रत्यक्ष स्मृतिपृष्ठासोबत वेगळा ठेवलेला असतो. त्या यंत्रांवर हा उपाय चालेना. काही दिवसांतच तो मागे घेण्यात आला व त्याच्या जागी वर वर्णिलेली युक्ती आली. एस/३९० ची अडचण २०१३ मधील ३.९ या आवृत्तीत दूर झाली, पण सोडून दिलेल्या उपायाकडे तेव्हा कोणी वळले नाही. दरम्यान अनेक प्रक्रियकांचे संगणक सर्वत्र झाले आणि केवळ तात्त्विक वाटणारी ही स्पर्धा घडवून आणणे सोपे झाले.

२०१६ मध्ये फिल ओस्टर यांना आपल्या सर्व्हरकडे आलेल्या जालवाहतुकीच्या नोंदींत हा दोष वापरणारी आज्ञावली सापडली. म्हणजे दुरुस्तीपूर्वीच दुरुपयोग सुरू झाला होता. टोरव्हाल्डस यांनी केलेला बदल मोजक्याच ओळींचा होता. लेखनाची खूण पुसणे बंद करून ‘प्रत काढून झाली’ अशी वेगळी खूण ठेवण्यात आली आणि ती अद्याप खरी आहे की नाही हे मळक्या बिटावरून पडताळण्यात येऊ लागले. खाजगी प्रत मध्येच टाकली गेली, तर जोडल्या जाणाऱ्या मूळ पृष्ठाचा बिट कोरा असतो आणि गाभा पुन्हा प्रत काढतो. ही दुरुस्ती ४.८.३ व जुन्या आवृत्त्यांच्या सुधारित गाभ्यांतून लगेच प्रसिद्ध झाली.

ती यंत्रांपर्यंत पोचणे ही मात्र वेगळी गोष्ट होती. अँड्रॉइड भ्रमणध्वनींत लिनक्सचाच गाभा असतो व त्यांतील पुष्कळांना निर्मात्यांकडून सुधारणा मिळत नाहीत. या दोषाचा आधार घेणारी झेडएनआययू ही घातक आज्ञावली सप्टेंबर २०१७ मध्ये उजेडात आली. तिची बाधा झालेले बहुसंख्य लोक चीन व भारत या देशांतील होते.

नवी दुरुस्तीही एका गृहीतावर उभी होती : सक्तीच्या लेखनात पृष्ठ मळके असेल तर ते खाजगी प्रतच असणार. मोठ्या आकाराची (बहुधा २० लक्ष बाइटांहून थोडी मोठी) पृष्ठे हाताळणाऱ्या भागात केवळ वाचनाच्या मागणीवरही हा बिट लावला जात असल्याचे नोव्हेंबर २०१७ मध्ये आढळले. त्यामुळे सर्वांना सामाईक असलेल्या शून्यांनी भरलेल्या पृष्ठावर लेखन करता येत असे. बिट फक्त लेखनाच्या मागणीवर लावावा, असा बदल करून ते बंद करण्यात आले. पुढे ५.१६ या आवृत्तीपासून, न सापडलेली पृष्ठे आज्ञावलीलाच पुरविता यावीत या सोयीत, केवळ स्मृतीत राहणाऱ्या फाइलींच्या पृष्ठांनाही हा बिट सरसकट लागू लागला व अशा फाइलींपुरता जुना दोष पुन्हा जिवंत झाला. हा बदल करणाऱ्यांच्या दृष्टीने बिट लावणे निरुपद्रवी होते. त्याच्यावर दुसरीकडे काय अवलंबून आहे, हे त्या ठिकाणी कोठेच लिहिलेले नव्हते.

ऑगस्ट २०२२ मध्ये डेव्हिड हिल्डेनब्रँड यांनी मळक्या बिटाचा आधार व २०१६ मधील खूण ही दोन्ही काढून टाकली. पृष्ठ कोणत्याही फाइलीचे नसून त्या एकाच आज्ञावलीच्या मालकीचे आहे, अशी खूण गाभ्यात त्याच वर्षी आली होती, लिनक्स ६.० पासून तीच प्रत्यक्ष तपासली जाते.