कण्हेरीवरील हिरवा पाहुणा

जालन्याच्या एखाद्या अंगणांत कण्हेर वा तगर असली, कीं पावसाळ्यांत तिच्यावर बोटाएवढी जाड हिरवी अळी आढळते. डोक्यामागें दोन निळे डोळे, शेपटीकडे आखूड शिंग! परंतु ते डोळे म्हणजे शत्रूला भिवविणारे नुसते ठिपके, शिंगही निरुपद्रवी. कण्हेरीचें विष तिला बाधत नाहीं. पूर्ण वाढल्यावर ती तपकिरी होते व पालापाचोळ्यांत कोश करते. त्यांतून सुमारें १० सेंटिमीटर पंखविस्ताराचा हिरवा पतंग निघतो. लिनीअसनें १७५८ सालीं नांव दिलेला हा पतंग आफ्रिका व दक्षिण आशियांत आढळतो. उन्हाळ्यांत युरोपांतही जातो. तिन्हीसांजेला फुलासमोर अधांतरी राहून तो मध शोषितो. पूजेचीं फुलें तोडतांना अळी दिसली, तर ती ठेचूं नये. खाल्लेल्या पानांची उणीव झाड लौकरच भरून काढतें.