बाहुलीच्या श्वासापासून कादंबरीपर्यंत

2019 साली 'द कॅल्क्युलेटिंग स्टार्स' या एकाच कादंबरीने नेब्युला, लोकस आणि ह्यूगो हे विज्ञानकथेतले तिन्ही मोठे पुरस्कार पटकावले. लेखिका मेरी रॉबिनेट कोवाल. त्यांची ओळख करून देताना बाहुल्यांचा उल्लेख बहुतेक वेळा गमतीची माहिती म्हणून येतो. मला मात्र त्यांच्या लेखनाचं मूळ तिथेच दिसतं.

1969 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात जन्मलेल्या कोवाल 1989 पासून बाहुल्यांच्या व्यवसायात आहेत. अटलांटाचं सेंटर फॉर पपेट्री आर्ट्स, जिम हेन्सन यांच्या संस्थेचं काम, आइसलंडमध्ये चित्रित झालेली 'लेझीटाउन' ही मुलांची मालिका, शिवाय स्वतःची 'अदर हँड प्रॉडक्शन्स' ही संस्था. बाहुल्यांच्या रचनेसाठी अमेरिकन बाहुलीकारांचा सर्वोच्च सन्मान त्यांना दोनदा मिळाला. एवढ्यावरच थांबल्या असत्या तरी ही कारकीर्द भरीव ठरली असती.

लेखन शिकवताना त्या बाहुलीकाराचे चार नियम सांगतात. बाहुली जिकडे बघते, तिकडे तिचा विचार असतो. श्वास भावना दाखवतो. तोच उसासा झटकन सोडला तर वैताग, सावकाश सोडला तर वेगळंच काही. हालचाल बाहुलीच्या अंगातून निघाल्यासारखी वाटली पाहिजे, मागचा हात जाणवता कामा नये. आणि कारणाशिवाय बाहुलीने हलायचं नाही. निर्जीव कापडात जीव आहे हे प्रेक्षकाला पटवण्यासाठी घासूनपुसून तयार झालेले हे नियम आहेत. पात्र कुठे बघतंय एवढं नेमकं लिहिलं, की त्याच्या मनात काय चाललंय ते वेगळं सांगावं लागत नाही. कितीतरी लेखकांना हे उमगायला आयुष्य जातं. कोवाल यांच्या तर हातातच ते होतं.

2008 मध्ये त्यांना नवोदित विज्ञानकथाकारांचा कॅम्पबेल पुरस्कार मिळाला आणि 2010 मध्ये पहिली कादंबरी आली, 'शेड्स ऑफ मिल्क अँड हनी'. जेन ऑस्टिनच्या काळातलं इंग्लंड, त्यात जादू. पण ही जादू शरीराला दमवते. दृश्याचा आभास उभा करताना धाप लागते, भोवळ येते. बाहुली डोक्यावर उचलून तासन्‌तास काम केलेल्या बाईलाच अशी जादू सुचावी! भाषेबाबतही त्या तितक्याच काटेकोर होत्या. ऑस्टिनच्या पुस्तकांतल्या शब्दांची यादी करून, त्याबाहेरचा प्रत्येक शब्द त्यांनी तपासून घेतला. ही मालिका पुढे पाच पुस्तकांपर्यंत गेली.

मधल्या काळात लघुकथेसाठी 2011 चा ह्यूगो मिळाला. 'द लेडी अ‍ॅस्ट्रोनॉट ऑफ मार्स' ही दीर्घकथा आधी 2012 मध्ये फक्त ध्वनिपुस्तकात आली होती. त्या रूपात ती ह्यूगोच्या दीर्घकथेच्या गटात बसत नाही, असं ठरलं. मग लिखित रूपात आल्यावर 2014 मध्ये तिने तोच पुरस्कार जिंकला. आवाजाचं कामही व्यवसाय म्हणून करणाऱ्या लेखिकेची कथा आधी कानांनी ऐकली गेली, यात मला नवल वाटत नाही.

या कथेतली एल्मा यॉर्क ही म्हातारी अंतराळवीर. तिचं तरुणपण 'द कॅल्क्युलेटिंग स्टार्स'मध्ये येतं. 1952 मध्ये वॉशिंग्टनजवळ उल्का कोसळते, पृथ्वी राहण्याजोगी उरणार नाही हे गणिताने कळतं आणि अंतराळ मोहिमांची घाई सुरू होते. एल्मा वैमानिक आहे, गणितात तल्लख आहे, पण चारचौघांपुढे बोलायचं म्हटलं की तिला उलटी होते. मग ती मनात आकडे मोजत स्वतःला सावरते. तिची भीती कोवाल पोटातून, घशातून, श्वासातून लिहितात. उल्का आणि अग्निबाण इतर विज्ञानकथांतही भरपूर सापडतात; हा श्वास तिथे क्वचितच असतो. म्हणूनच एल्माची गोष्ट पुढे चालत राहिली आणि 2025 मध्ये या मालिकेतली चौथी कादंबरी, 'द मार्शियन कंटिन्जन्सी', प्रसिद्ध झाली.