तातडीचा विषय, पण कोणत्या नियमाखाली?

८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. नाशिक जिल्ह्यात लिलाव थांबले, शेतकरी महामार्गावर उतरले. त्या वेळी दिल्लीत संसदेचे आणि नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन सुरू होते. अशा वेळी मतदारसंघातून लोकप्रतिनिधींना एकच निरोप जातो: ‘आमचा विषय सभागृहात मांडा.’ कुठल्या सभागृहात आणि कोणत्या नियमाखाली, हे मात्र क्वचितच कोणी सांगते. निर्यातबंदी हा केंद्राचा निर्णय, तर अवकाळीने झोपलेल्या पिकाचे पंचनामे राज्याच्या यंत्रणेचे काम. ही पहिली पायरी चुकली की नोटीस दारातच अडते.

स्थगन प्रस्ताव म्हणजे गोंधळ घालून कामकाज बंद पाडणे, हा सर्वांत पक्का गैरसमज. गोंधळामुळे होते ती तहकुबी. स्थगन प्रस्तावात मागणी असते ती ठरलेले कामकाज बाजूला ठेवून एका तातडीच्या विषयावर आजच चर्चा घेण्याची. लोकसभेत त्याची नोटीस त्याच दिवशी सकाळी १० च्या आत द्यावी लागते. विषय नेमका, नुकताच घडलेला आणि सार्वजनिक महत्त्वाचा हवा, न्यायप्रविष्ट नको. अध्यक्षांनी संमती दिल्यावरही कोणी हरकत घेतली, तर ते पाठिंबा असणाऱ्यांना जागेवर उभे राहायला सांगतात. किमान ५० सदस्य उभे राहिले तरच प्रस्ताव पुढे सरकतो. मग साधारणपणे दुपारी ४ वाजता चर्चा सुरू होते, ती किमान अडीच तास चालते आणि शेवटी मतदान होते. तो मंजूर होणे हा सरकारवर ठपका मानला जातो. मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असते, राज्यसभेला नाही. म्हणून राज्यसभेत हे आयुधच नाही. तिथे नियम २६७ खाली कामकाजाचा नियम निलंबित करण्याची मागणी करावी लागते.

‘प्रस्ताव फेटाळला, म्हणजे आवाज दाबला,’ असेही लगेच म्हटले जाते. काही वेळा ती तक्रार रास्त असते. पण हे आयुध अपवादानेच वापरायचे, ही भूमिका जुनी आहे. लोकसभेचे पहिले अध्यक्ष, गुजरातेत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातले ग. वा. मावळंकर यांनीच ती घेतली होती: सरकार लोकप्रतिनिधींना जबाबदार असताना सदस्यांना विषय मांडण्याचे इतर मार्ग खुले असतात.

त्यातलाच एक मार्ग १९५४ मध्ये आला, तो लक्षवेधी सूचनेचा. लक्षवेधी किरकोळ असते, हे मला मुळीच पटत नाही. लोकसभेच्या नियम १९७ खाली सदस्य विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधतो, मंत्री निवेदन करतात आणि यादीत नाव असलेले सदस्य एकेक खुलासा विचारतात. मतदान नाही, ठपका नाही. पण सरकारची भूमिका मंत्र्यांच्या तोंडून अधिकृत नोंदीत येते आणि पुढे त्याच शब्दांवर बोट ठेवून जाब विचारता येतो. पिकाचा भाव पडलेल्या शेतकऱ्याला घोषणाबाजीच्या बातमीपेक्षा या नोंदीचा उपयोग जास्त.

शून्य प्रहराबद्दलही अपेक्षा भलत्याच असतात. लोकसभेच्या नियमांत त्याचा उल्लेख नाही. प्रश्नोत्तराच्या तासानंतर विषय मांडण्याची ती रुळलेली प्रथा आहे. तिथे मांडलेल्या विषयावर लगेच उत्तर देण्याचे बंधन मंत्र्यांवर नसते. त्यापेक्षा नियम ३७७ खालचे छोटे लेखी निवेदन बरे. त्यावर संबंधित मंत्रालयाने महिन्याभरात लेखी उत्तर पाठवणे अपेक्षित असते.

हरकतीचा मुद्दा तर सर्रास चुकीचा वापरला जातो. ‘अध्यक्ष महोदय, हरकतीचा मुद्दा!’ म्हणत सदस्य उठतो आणि आपल्या तालुक्यातल्या रस्त्यावर बोलू लागतो. अध्यक्ष विचारतात, ‘नियम कोणता?’ उत्तर नसते. नियम ३७६ नुसार हा मुद्दा फक्त सभागृहाचे नियम आणि कामकाजासंबंधीची घटनेची कलमे यांच्या अर्थाबद्दल किंवा अंमलबजावणीबद्दल असू शकतो. माहिती विचारायला किंवा स्वतःची बाजू सांगायला तो नाही. हक्कभंगाचेही तसेच: सदस्याला राग आला म्हणून हक्कभंग होत नाही, सभागृहाच्या किंवा सदस्याच्या संसदीय कामात अडथळा यावा लागतो.

म्हणून खासदाराला निवेदन देताना निर्णयाची तारीख, मंत्रालयाचे नाव आणि ‘लक्षवेधी किंवा नियम ३७७ खाली मांडावे’ एवढी ओळ लिहावी. अधिवेशन संपल्यावर उत्तराची प्रतही मागावी.